शेंगांचं तोरण झडलं, त्यात मुलांचा काय दोष?

पत्र थोडक्यात असं:

पुण्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, सासूबाई सोबत असतात. गेल्या दिवाळीत त्यांनी ठरवलं की सजावट विकतची आणायची नाही, मुलांबरोबर बसून पानं, शेंगा, बिया यांचंच सगळं करायचं. टेकडीवर जाऊन पिशव्या भरून सामान आणलं. तिथवर मुलं खुशीत होती. प्रत्यक्ष करायला बसल्यावर मुलगा थोड्याच वेळात उठून गेला आणि मुलगी म्हणाली, ‘आई, तुला हवं तसं होत नाहीये ना, मग तूच कर.’ शेवटी रात्री दीड वाजेपर्यंत जागून, ग्लू गनने चिकटवून, सोनेरी रंग मारून तोरण ताईंनीच पुरं केलं. धनत्रयोदशीला लावलं, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत त्यातून भुकटी गळायला लागली, पानं गुंडाळली, मुंग्या आल्या. मुलीच्या मैत्रिणीने विचारलं, ‘तुमच्या दाराला कचरा का लावलाय?’ सासूबाईंनी काही न बोलता माळ्यावरचं जुनं प्लॅस्टिकचं तोरण काढून लावलं. यंदा सोसायटीत ‘पर्यावरणपूरक सजावट स्पर्धा’ आहे. मुलीला मात्र थर्माकोलची अक्षरं आणि लाइटची माळ हवी. नवरा म्हणतो, दोनशे रुपयांत कंदील मिळतो, कशाला जिवाला त्रास. ताई विचारतात : ‘मुलांना निसर्गाची गोडी लागावी म्हणून हा खटाटोप केला, तर तीच कंटाळली. सोडून द्यावं, की मुलांना यात बसवायची काही युक्ती आहे?’

ताई,

मुलांना बसवायची युक्ती माझ्याकडे नाही, आणि त्यांना बसवायची गरज आहे असंही मला वाटत नाही. पण सोडून द्या असंही मी म्हणणार नाही. तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट राहून राहून खटकली. टेकडीवरच्या दुपारीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘तिथवर मुलं खुशीत होती’, आणि तोरणाबद्दल दीड पान. तुमच्या हिशेबात दुपार म्हणजे सामान आणण्याची फेरी आणि तोरण म्हणजे खरं काम. मुलांचा हिशेब नेमका उलटा असणार. गुलमोहराची हातभर लांब शेंग उचलली, हलवून आत बिया खुळखुळतात का ते ऐकलं, तिची तलवार केली, भावाबहिणीत कोणाची लांब यावरून भांडण झालं. निसर्गाची गोडी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? ती त्या दुपारी लागली होती. मग घरी आल्यावर आपण वर्तमानपत्र पसरून बसलो, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि ‘आता याचं हे असं करायचं’ म्हणालो. तिथे मुलांची सुट्टी संपली आणि शाळा सुरू झाली.

मुलीचं वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतं. मला ते उद्धट वाटलं नाही. ‘तुला हवं तसं होत नाहीये’ हे तिने बरोबर ओळखलं होतं. तुमच्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं आणि तिच्या हातून ते उतरत नव्हतं. मुलाने लाटलेल्या पहिल्या पोळीला नकाशा म्हणून आपण हसतो, पण तव्यावर टाकतोच की. तोरणाच्या बाबतीत मात्र आपण नकाशा बाजूला सारून गोल पोळी स्वतः लाटायला बसतो, रात्री दीडपर्यंत. त्यात तुमचा दोष काढत नाही. दारावरचं तोरण चार लोक बघतात, आणि आल्यागेल्याने नाव ठेवलं तर ते बाईलाच ठेवतात, वडलांना नाही. हे ओझं खरं आहे. पण मग निदान आपल्याशी कबूल करावं की जागरण मुलांसाठी नव्हतं, दारासाठी होतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. निसर्गातल्या वस्तूंपासून काहीतरी ‘बनवलं’ पाहिजे, ही समजूत कुठून आली? शेंगेचं घुबड, करवंटीचं कासव, पानांचा मोर. हे सगळं छान दिसतं, पण ते कसबी हातांचं काम आहे, त्यात चिकटवणं, रंगवणं, कापणं फार. आपल्याकडची सणाची सजावट बघा. तिच्यात बनवणं जवळजवळ नसतंच, बांधणं असतं. आंब्याची पानं सुतळीला टोचली की झालं तोरण. कोकणात नवान्नाच्या वेळी भाताची लोंबी, नाचणी-वरीची कणसं, कुरडूचं फूल असं आंब्याच्या पानाबरोबर एकत्र बांधून दाराला लावतात. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात, तळकोकणात तिला माटवी म्हणतात. लाकडी किंवा बांबूची चौकट छताला टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचा घड, चिबूड, काकडी, केळी, तोरिंजन, रानातली कांगलं, कवंडळ, हरणाची फुलं असं जे त्या दिवसांत मिळतं ते बांधायचं. त्यात एकही वस्तू रंगवलेली नसते, की दुसऱ्या कशासारखी दिसावी म्हणून कापलेली नसते. कवंडळ कवंडळच असतं, लालबुंद, आणि तेवढ्याने ते शोभतं. त्या घरातल्या पोरांचं काम काय, तर कुठल्या बांधाला काय लागलंय हे माहीत असणं, मोठ्यांबरोबर जाऊन ते आणणं आणि खाली उभं राहून एकेक वर देणं. पाच वर्षांच्या मुलालाही ते जमतं. म्हणूनच तो शेवटपर्यंत तिथे थांबतो.

तेव्हा माझी पहिली सूचना : यंदा बनवू नका, बांधा.

दुसरी समजूत टिकण्याची. पानं गुंडाळली, कोमेजली, याचं तुम्ही फार वाईट वाटून घेतलंत. ताई, ती कोमेजणारच. आंब्याचं पान दाराला तीन-चार दिवस बरं दिसतं, झेंडू त्याहून कमी. जुन्या घरांत दसऱ्याचं तोरण दिवाळीला चालवत नसत, नवं बांधत. ताज्या पानाने प्लॅस्टिकसारखं टिकावं ही अपेक्षा आपणच त्याच्यावर लादली आणि मग ते नापास झालं म्हणून हिरमुसलो. धनत्रयोदशीला लावायचं तोरण आठवडाभर आधी करायची सवय सोडा. त्या दिवशी सकाळी करा, लक्ष्मीपूजनाला फुलं बदला, पाडव्याला पुन्हा बघा. काम वाढलं असं वाटेल, पण वीस मिनिटांचं छोटं काम दोन-तीनदा करणं मुलांना एका मोठ्या कामापेक्षा कितीतरी सोपं जातं. दुसऱ्या वेळी तर ती तुम्हाला सांगतील, ‘आई, असं नाही, असं टोच.’

कसं टोचायचं हेही सांगते, कारण यावरच मुलगी टिकते की उठते ते ठरतं. मंडईतून आंब्याचे डहाळे आणले की पानं ओल्या फडक्याने पुसून थोडा वेळ तशीच ठेवा. देठाशी चीक असतो, तो सुकू द्या, काहींच्या त्वचेला चुरचुरतो. सुतळी दोन खुर्च्यांना ताणून बांधा, मुलीच्या छातीच्या उंचीवर. पान सुतळीवर ठेवायचं, देठाकडचा तीन-चार बोटं भाग मागे दुमडायचा आणि खराट्याच्या काडीचा पेराएवढा तुकडा दोन्ही पदरांतून आरपार टोचायचा. सुई नाही, गाठ नाही, डिंक नाही. पान सरकवता येतं, फाटलं तर काढून दुसरं लावता येतं. चुकलं तरी काही बिघडत नाही असं काम नऊ वर्षांच्या मुलीला द्यावं. पाच वर्षांच्या भावाने काड्यांचे तुकडे मोडून वाटीत भरायचे आणि पानं लहान-मोठी वेगळी करायची. झेंडू ओवायला गोधडीची जाड सुई मोठ्यांच्या हातात ठेवा. फूल मागच्या हिरव्या देठातून ओवलं की माळेत सरळ बसतं, पाकळ्यांतून आडवं ओवलं की फाटतं.

आता भुकटीबद्दल. ती पानांची नव्हती, शेंगांची होती. गुलमोहर, शिरीष यांच्या शेंगांत बारीक भुंगेरे राहतात, ते आतून पोखरून बाहेर पडतात. शेंगेला टाचणीने केल्यासारखी गोल भोकं दिसली तर ती टेकडीवरच सोडून द्या. घरी आणलेल्या शेंगा परातीत घालून गच्चीवर दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, रात्री आत घ्या. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण एवढ्या शिव्या घालतो, त्याचा हा एक उपयोग. वाळल्यावर वर्तमानपत्रावर आपटून बघा. काही गळलं नाही तर घ्या. सोनमोहराच्या तांबूस चपट्या शेंगा मला यासाठी सगळ्यांत आवडतात. हलक्या असतात, रंग मुळातच सुंदर असतो आणि दोऱ्यात झुपकाच्या झुपका बांधला की वाऱ्यावर आवाज करतात. त्यांना सोनेरी रंगाची काही गरज नाही.

सोनेरी रंगावरून तिसरी समजूत, आणि इथे जरा रोखठोक बोलते. शेंग झाडाची, पण त्यावर ॲक्रिलिक रंग, चकाकी आणि ग्लू गनचं प्लॅस्टिक चढलं की ती ना ओल्या कचऱ्यात जाते, ना सुक्यात. तुमचं गेल्या वर्षीचं तोरण आणि सासूबाईंचं माळ्यावरचं तोरण, यांत पर्यावरणाला धरून कुठलं जास्त, असं मला कोणी विचारलं तर मी सासूबाईंच्या बाजूने मत देईन. ते आधीच घरात आहे, आणि वर्षानुवर्षं वापरलं जातंय. ते फेकून देऊन त्या जागी ‘नैसर्गिक’ काही विकत आणणं ही उधळपट्टी झाली. राहू द्या ते, देवघराच्या दारावर लावा.

रंग हवाच असेल तर गेरू आणि तांदळाचं पीठ घरात असतंच. करवंटी पाण्यात भिजवून तिच्यावरचा काथ्या घासून काढायचा, गेरूचा हात द्यायचा, वाळला की तांदळाच्या पिठाच्या दाटसर पाण्याने ठिपके. वारली चित्रांतला पांढरा रंग तांदळाच्या पिठाचाच असतो, आणि ब्रश म्हणून बांबूची काडी टोकाला चेचून वापरतात. मुलीला ती काडी स्वतः चेचू द्या. पंधरा मिनिटं तरी ती त्यातच रमेल आणि तेवढ्यात तुमचा चहा होईल.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असंही नसतं, आणि हे तुमच्यासारख्या सगळ्याच पालकांना सांगायला हवं. लाल-काळी गुंज मण्यांसारखी सुरेख दिसते, माळा करायचा मोह होतो. गुंजेचं बी जहाल विषारी असतं. अख्खं गिळलं तर ते बहुधा तसंच बाहेर पडतं, पण ओवायला भोक पाडलं किंवा दाताखाली फुटलं की धोका. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, एरंडाच्या आणि सीताफळाच्या बिया, धोतऱ्याची काटेरी फळं ही सगळी याच यादीत. कोकणात गौरीला वाहतात ती कळलावीही विषारी. रानात खाजकुइलीची मखमली शेंग दिसली तर हात लावायचा नाही हे मुलांना आधीच दाखवून ठेवा, एकदा अंगाला लागली की दिवाळी खाजवण्यात जाईल. चिंचोके, सुरूची फळं, मक्याची वाळलेली सालं यांना भीती नाही, मात्र तीनच्या आतलं मूल घरात असेल तर बिया नकोतच. नाकात जातात. आणि वाळलेलं काहीही, शेंगा, लोंब्या, गवत, पणतीच्या जवळ किंवा वर टांगू नका. कंदिलात एलईडीचाच दिवा लावा, जुना पिवळा बल्ब तापतो.

उचलताना नियम एकच, खाली पडलेलं घ्यायचं. दसऱ्याला आपट्याची काय दशा होते ते आपण पाहतोच. सोनं म्हणून फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि त्यातही निम्मा वेळ तो आपटा नसतो, कांचन असतो. सुगरणीचं घरटं शोभेला घरात टांगण्याची एक पद्धत निघाली आहे, ती मला अजिबात पटत नाही. रिकामं दिसलं तरी ते झाडावर राहू द्या.

आता घरातल्या बाकी मंडळींकडे वळू. मुलीला थर्माकोलची अक्षरं हवी आहेत. ती द्यायची नाहीत, पण याचं कारण ‘आपण चांगले, बाकीचे वाईट’ असं होऊ देऊ नका. सरळ सांगा की सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. महाराष्ट्रात 2018 साली आली, आणि 1 जुलै 2022पासून देशभर. नियम म्हटलं की मुलं ऐकतात, प्रवचन म्हटलं की नाही. लाइटच्या माळेला मात्र हो म्हणा. एलईडीची माळ पुढची बरीच वर्षं चालते, वीज थोडी घेते, आणि आंब्याच्या पानांत गुंफली तर दोन्ही खुलून दिसतात. मैत्रिणीने ‘कचरा’ म्हटल्याचं तुम्ही हसण्यावारी नेलंत असं पत्रावरून वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला ते हसण्यावारी नेता येत नाही. तिला चार जणींत मिसळायचं असतं. म्हणून दाराबाहेर काय लागेल आणि घरात काय, हे यंदा तिला ठरवू द्या. तिने शेंगा आतल्या खिडकीला लावल्या आणि बाहेर नुसता झेंडू-आंबा ठेवला, तर चाललं पाहिजे.

स्पर्धेबद्दल माझं मत विचारलंत. यंदा नाव देऊ नका. स्पर्धा आली की परीक्षक येतात, परीक्षक आले की तुमच्या डोळ्यांसमोरचं ते चित्र परत येतं, आणि मग रात्रीचा दीड. मुलांनी स्वतःहून हट्ट धरला तर गोष्ट वेगळी. मग त्यांच्याच हातचं, जसं असेल तसं मांडायचं, आणि बक्षीस मिळणार नाही याची तयारी ठेवायची. अशा स्पर्धांत बक्षीस बहुधा पालकांच्या हातच्या कामालाच मिळतं, हे सांगून मी कोणाची तरी नाराजी ओढवून घेतेय खरी.

तुमच्या यजमानांचा प्रश्न मात्र मला रास्त वाटतो. कशाला जिवाला त्रास? विकतचा कंदील आणला म्हणून आई म्हणून तुम्ही कमी पडत नाही. फक्त तो कुठून आणायचा एवढं बघा. बांबूचा, कागदाचा कंदील बांधणारे कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडून घेतलात तर दोनशे रुपये योग्य हातात पडतील. आणि घरीच करायचा असेल तर ते काम यजमानांकडे द्या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. तुमच्या पत्रात ते फक्त एका वाक्यापुरते येतात, आणि ते वाक्यही सल्ल्याचं.

बुरूड आळीतून कामट्या आणाव्यात, मुलांना घेऊन. बांबू कसा उभा चिरतात, एका बांबूतून किती पट्ट्या निघतात, हे तिथे उभं राहून बघण्यासारखं असतं. सगळ्यांत सोपा कंदील म्हणजे चौकोनी खोका : वीतभर लांबीच्या सारख्या बारा कामट्या, आठ कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर दोऱ्याचे आडवे-उभे घट्ट वेढे. कामटीची कूस बोटात शिरते, म्हणून कडा आधी पॉलिश पेपरने घासून घ्या. कागद पतंगाचा. चिकटवायला खळ : दोन चमचे मैदा किंवा कणीक कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची आणि मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळायची. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकत. तुम्ही टाकू नका, ते विष आहे आणि घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. ती हाताला, फरशीला, केसांना सगळीकडे लागते आणि पाण्याने निघते. ग्लू गनचा चटका बसतो, खळीचा बसत नाही. मुलांना ती मनसोक्त फासू देता येते, ही तिची खरी थोरवी.

या कंदिलासाठी एक काम आत्ताच सुरू करता येईल, ज्याला कौशल्य लागत नाही, धीर लागतो. पिंपळाची मोठी, जून पानं घ्या, कीड नसलेली. बादलीत बुडवून वर वजन ठेवा आणि बादलीचं तोंड फडक्याने घट्ट बांधा. हे विसरू नका, डेंग्यूचे दिवस आहेत. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. वास येतो, चांगलाच येतो, म्हणून बादली बाल्कनीत. तीन-चार आठवड्यांत पानाचा हिरवा गर सुटायला लागतो. मग पान पसरट ताटलीत, पाण्यातच ठेवून जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने पुसत जायचं. गर ढगासारखा पाण्यात उतरतो आणि खाली शिरांची जाळी उरते. दहांतली चार फाटतील. उरलेली टिपकागदावर घेऊन वहीत दाबून ठेवा आणि कंदिलाच्या पिवळ्या कागदाला आतून खळीने चिकटवा. दिवसा काही दिसत नाही. दिवा लावला की जाळी उमटते. मुलाला रोज पाण्यात डोकावून ‘सडलं का?’ विचारायला मिळतं, आणि त्या वयात सडण्याइतका रोचक विषय दुसरा नाही.

सासूबाईंच्या न बोलण्याचा अर्थ तुम्ही नापसंती असा लावलात. असेलही. पण तुम्हीच लिहिलंय की त्या नंतर म्हणाल्या, ‘आमच्याकडे झेंडू नि आंबा असायचा, त्यात काय एवढं.’ म्हणजे तुम्ही व्हिडिओ बघून जे शोधत होतात ते करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय आणि त्यांना कोणी विचारलं नाही. यंदा तोरणाची सुतळी त्यांच्या हातात द्या. शिकवणारी आई नसली की मुलं पुष्कळ वेळ टिकतात, हा बऱ्याच घरांतला अनुभव आहे. आईला आवडेल का, ही काळजी आजीजवळ बसताना नसते.

परदेशातूनही अशी पत्रं येतात, आंब्याची पानं मिळत नाहीत म्हणून हळहळणारी. ताजी पानं, बिया विमानातून नेण्यावर बऱ्याच देशांत बंधनं आहेत, तेव्हा कोणाच्या बॅगेतून मागवू नका. तिकडे त्याच दिवसांत मेपलची पानं पडतात, ओकची फळं, पाइनची शंकू मिळतात. तीच सुतळीला बांधा. माटोळीतही जवळपासच्या रानात जे पिकतं तेच बांधतात.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, वेळ नाही, गच्ची नाही, माणूस नाही, त्यांनी एवढंच करावं : किल्ला करतात तिथे, नाहीतर परातीतल्या मातीवर, दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरायची आणि रोज पाणी शिंपडायचं. वसुबारसेपर्यंत हिरवं रान उभं राहतं. नाताळच्या गोठ्यासाठी ख्रिस्ती घरांतही असंच धान्य आधी पेरून हिरवं शेत करतात. हे काम सर्वस्वी लहान मुलाचं. त्याने पाणी जास्त घातलं तर कुजेल. कुजू द्या, पुन्हा पेरायला वेळ असतो.

दिवाळी झाली की झेंडूची फुलं निर्माल्यात टाकण्याआधी त्यांतली चांगली दहा-बारा वाळवून पाकिटात भरून ठेवा, वर मुलीच्या अक्षरात तारीख. पावसाळ्याच्या सुरुवातीला तीच फुलं कुंडीत कुस्करून पेरली की दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास झाडं फुलावर येतात. बाजारचा झेंडू पुष्कळदा संकरित असतो, तेव्हा फुलं गेल्या वर्षीसारखीच येतील असं नाही, काही बारकी येतील, काहींचा रंग वेगळा निघेल.

तर या रविवारी टेकडीवर जाताना पिशव्या दोन घ्या. एक शेंगांसाठी, एक मुलाच्या दगडांसाठी. तो दगड आणणारच, आणि ते शेंगांच्या पिशवीत टाकले तर घरी येईपर्यंत शेंगांचा चुरा होतो.